डीआरआर झालात? मग वर्ष असं लावून घ्या

अभिनंदन. डीआरआर, म्हणजे डिस्ट्रिक्ट रोटरॅक्ट रिप्रेझेंटेटिव्ह: रोटरीच्या एका विभागातल्या (डिस्ट्रिक्टमधल्या) सगळ्या रोटरॅक्ट क्लबांचा, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबांचा, वर्षभराचा प्रतिनिधी. हार, पिन, फोटो झाले असतील. १ जुलैला सूत्रं हातात येतील आणि पुढच्या ३० जूनला ती दुसऱ्याच्या हाती द्यायची आहेत. मधल्या काळात मुंबईतल्या एवढ्या रोटरॅक्ट क्लबांचं काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. भेटतात ते सगळे ‘एन्जॉय कर, भारी वर्ष असतं’ म्हणणारे. माझं वर्ष उरकल्यावर नव्या मंडळींचे जे फोन येत राहिले, त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहून ठेवतेय. लिओ क्लब (लायन्सचे तरुणांचे क्लब) सांभाळणाऱ्यांनी किंवा रोटरी-लायन्सच्या झोनवाल्यांनी पदांची नावं बदलून वाचलं तरी चालेल.

आधी आपलं पद नेमकं काय ते समजून घ्या. रोटरॅक्ट १९६८ साली अमेरिकेत शार्लट इथे सुरू झालं, तेव्हा तो रोटरीचा तरुणांसाठीचा एक उपक्रम होता. २०१९ मध्ये रोटरीने नियम बदलला आणि रोटरॅक्ट क्लब स्वतःच रोटरी इंटरनॅशनलचे सभासद झाले. जुलै २०२० पासून तीस वर्षांची वयोमर्यादाही गेली. व्यवहारात याचा अर्थ असा, की क्लब तुमच्या हाताखाली नाहीत. अध्यक्षाला हुकूम सोडता येत नाही, आणि सोडलाच तर तो ‘हो दीदी’ म्हणून फोन ठेवतो आणि पुढचे दोन महिने उचलत नाही. तुमच्याकडे लोकलचा पास आहे, फोन आहे आणि शब्दाला थोडं वजन आहे. डिस्ट्रिक्टचा एकही झगमगीत कार्यक्रम न करता चांगलं वर्ष काढता येतं. पण क्लब एकामागून एक थंड पडू दिले, तर स्टेजवरच्या कितीही ट्रॉफ्यांनी ते भरून निघत नाही.

पायरी १: एप्रिल-मे, यादी आणि माणसं

सगळ्या क्लबांची यादी घ्या आणि तीन रकाने करा. आपोआप चालणारे, थोडा धक्का दिला की चालणारे आणि फक्त अध्यक्ष उरलेले. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक क्लबाला जुलैच्या आधी एकदा भेटा. जुलैनंतर वेळ मिळेल असं वाटतं, तो मिळत नाही.

कॉलेजचे क्लब आणि वस्तीतले क्लब यांना एकाच मापाने मोजू नका. कॉलेजच्या क्लबात दरवर्षी अर्धी माणसं बदलतात, अध्यक्ष एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि खरी चावी प्राध्यापकांकडे असते. जूनमध्ये प्राचार्यांना एक साधं पत्र पाठवा आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन द्या. त्या पत्राच्या जोरावर अध्यक्षाला वर्षभर हॉल मिळतो. वस्तीतल्या क्लबात नोकरी करणारी मुलं असतात. भांडुप-बोरिवलीच्या मुलाला चर्चगेटहून घरी पोचायला साडेआठ वाजतात, त्याला सातच्या मीटिंगला ‘उशीर का’ विचारणं म्हणजे त्याला घालवणं.

तुमची टीम निवडताना मैत्री बघाल, ते चालेल. पण एक गोष्ट त्याहून आधी बघा: माणूस कुठल्या लाइनवर राहतो. विरारला राहणाऱ्या मुलीला चेंबूर-गोवंडीचा झोन दिलात तर ती दोनदा जाईल आणि नंतर कळवेल की क्लब रिस्पॉन्स देत नाही. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर अशीच वाटणी करा. एकत्र बसायचं तर दादरला, वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनच्या लोकांना सोयीचं. आणि हॉलचं भाडं वाचवायचं असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा आहेच.

पायरी २: कॅलेंडर आधी, स्वप्नं नंतर

वर्ष बारा महिन्यांचं आहे असं समजून आखणी करू नका. जुलैत पाऊस आणि कॉलेजांचे प्रवेश. ऑगस्टमध्ये झेवियर्सचा मल्हार आणि बाकीच्या कॉलेजांचे फेस्टिवल, म्हणजे तुमचे निम्मे कार्यकर्ते दुसऱ्याच टी-शर्टात. मग गणपती. गिरगाव, लालबाग, परळचा कुठलाही मराठी मुलगा त्या दहा दिवसांत मंडळाचा असतो, क्लबचा नसतो, आणि त्यात चूक काही नाही. त्यानंतर नवरात्र, सेमिस्टरच्या परीक्षा, दिवाळी. डिसेंबरात आयआयटीचा मूड इंडिगो फेस्टिवल. मार्चनंतर पुन्हा परीक्षा. उरलेल्या मोकळ्या जागा रंगवून ठेवा आणि डिस्ट्रिक्टचे कार्यक्रम तिथेच बसवा.

रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघितल्याशिवाय ठिकाण पक्कं करू नका. ब्लॉक आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतो, त्यामुळे आमंत्रणातच पर्यायी रस्ता लिहून टाका.

६ डिसेंबरला कुठलाही समारंभ ठेवू नका. चैत्यभूमीवर राज्यभरातून लाखो लोक येतात, दादर परिसर भरलेला असतो. काही करायचं असेल तर त्या दिवशी पाणी वाटायला, कचरा उचलायला किंवा हरवलेल्यांना मदत करायला जा. मात्र तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संघटनांना विचारून, त्यांच्या हाताखाली. स्वतःचा बॅनर घरी ठेवून जाता येत असेल तर जास्त बरं.

पायरी ३: पैसा

थोडक्यात सांगते, पण हे वगळू नका.

जुलै २०२२ पासून रोटरॅक्टची वार्षिक आंतरराष्ट्रीय वर्गणी लागते: कॉलेजच्या क्लबाला माणशी ५ डॉलर, वस्तीतल्या क्लबाला ८ डॉलर. बिल सभासदांच्या यादीवरून येतं. सोडून गेलेली नावं वेळेत काढली नाहीत तर कॅनडाला गेलेल्या मुलाचेही डॉलर भरावे लागतात. प्रत्येक अध्यक्षाला यादी साफ करायला लावा आणि झाली का ते स्वतः तपासा.

बँक खात्यावरच्या सह्या दर जुलैला बदलायच्या असतात. ठराव, केवायसी, दोघांनी एकाच वेळी शाखेत हजर राहणं, यात महिना सहज जातो. तोवर खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे घ्यायची पद्धत आहे. ती मोडा. मुलगा प्रामाणिक असतो. पण त्याच खात्यातून त्याचं पिझ्झाचं बिल गेलेलं असतं आणि जूनमध्ये हिशोब लावताना तो रडकुंडीला येतो.

देणगीदार ‘८०जी मिळेल का’, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल का, असं विचारतात. बहुतेक रोटरॅक्ट क्लब नोंदणीकृत ट्रस्ट नसतात, त्यामुळे स्वतःची पावती देऊन हो म्हणू नका. तुमच्या क्लबाला आधार देणाऱ्या स्पॉन्सर रोटरी क्लबचा ट्रस्ट असेल तर त्याच्यामार्फत घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर वजावट मिळत नाही, आणि देणगीदार नव्या करप्रणालीत असेल तर कशावरच मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) हवा असेल तर ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी लागते. २०२१ पासून तिच्याशिवाय दार उघडत नाही.

पायरी ४: क्लबला भेट देणं

वर्षाचा खरा गाभा हा आहे. रिवाजाप्रमाणे ऑफिशियल व्हिजिट असते: स्वागत, दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय, पुन्हा त्यांचंच स्वागत. आमच्याकडे मंचावरच्या प्रत्येकाचं पद उच्चारल्याशिवाय कुणाला बोलता येत नाही, आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात. हे सगळं दोन वाक्यांत उरका असं अध्यक्षाला आधीच सांगा. तो सुटकेचा श्वास टाकेल.

जाताना अर्धा तास लवकर जा. खुर्च्या कोण लावतंय ते बघा. तो क्लब प्रत्यक्षात तीच तीन-चार मुलं चालवतात. त्यांची नावं लिहून घ्या, पुढच्या वर्षीचा अध्यक्ष त्यांच्यातच असतो. मग हजेरीचं रजिस्टर मागा. मीटिंग घेतली की नाही हे रजिस्टर बघून लगेच कळतं. खरं रजिस्टर मळलेलं असतं. निळं, काळं, कुणीतरी हिरव्या पेनाने केलेली सही, एका पानावर चहाच्या कपाचा गोल, कुठे नाव लिहून ‘लवकर गेली’ अशी नोंद. तुमच्या भेटीसाठी आदल्या रात्री भरलेल्या रजिस्टरात चार महिन्यांच्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरकेपणात असतात. असं दिसलं तर सगळ्यांसमोर काही बोलू नका. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षाला बाहेर टपरीवर न्या, कटिंग मागवा आणि विचारा, ‘मीटिंगला खरं किती जण येतात रे?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पाच.’ पाच चांगले आहेत. पाचांचा क्लब चालतो. पंचवीस असल्याचं सोंग करणारा क्लब मात्र फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाही, कारण अध्यक्षाची सगळी ताकद सोंग टिकवण्यात जाते.

आणखी एक गोष्ट, जी डिस्ट्रिक्टच्या प्रशिक्षणात कुणी काढत नाही. आपल्या बैठका इंग्रजीत चालतात. दक्षिण मुंबईच्या कॉलेजांना ते अंगवळणी पडलेलं आहे. पण परळच्या, विक्रोळीच्या, कांजूरच्या मराठी माध्यमातल्या मुलाला बोलायचं खूप असतं आणि तो शेवटच्या रांगेत गप्प बसतो. दोन मीटिंगा गप्प बसला की तिसरीला येत नाही. तुम्ही मंचावरून पहिलीच चार वाक्यं मराठीत बोला. पुढे हिंदी, इंग्रजी, गुजराती जे काही येईल ते येऊ द्या. माझ्या वर्षात काही क्लबांमध्ये हात वर करणारे चेहरे एवढ्यानेच बदलले.

पायरी ५: प्रकल्प, म्हणजे क्लबांना जे दिसत नाही ते तुम्ही बघायचं

प्रकल्प क्लब करतात. तुम्ही सगळे क्लब एका नजरेत बघू शकता, तो तुमचा उपयोग. रक्तदान शिबिराचंच बघा.

१५ ऑगस्ट आला की जो तो शिबिर ठेवतो. एका आठवड्यात ढीगभर पिशव्या जमा होतात, पण तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि प्लेटलेट ५ दिवस. आणि मे महिन्यात, निम्मी मुंबई गावी गेलेली असताना, कॉलेजं बंद असताना, रक्तपेढ्या फोन करत बसतात. दिवाळीच्या सुट्टीत तेच. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते. तेव्हा जूनमध्येच अध्यक्षांना एकत्र बसवा आणि शिबिरांचे महिने वाटून द्या. कॉलेजांनी शिबिरं परीक्षांच्या आधी घ्यायची, मे महिना वस्तीतल्या क्लबांनी आणि हाउसिंग सोसायट्यांनी उचलायचा. रक्तपेढी परवानाधारक असावी आणि तारीख ठरवण्याआधी तिला ‘तुम्हाला कधी हवंय’ हे विचारावं. पुरुषांनी दोन रक्तदानांत किमान ३ महिने, स्त्रियांनी ४ महिने अंतर ठेवायचं असतं, म्हणजे त्याच दात्यांना पुन्हा बोलवायची तारीखही तुम्हाला आजच लिहून ठेवता येते. मुलींना हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा ‘चला, पुढची’ म्हणून सोडू नका; तिथेच आहार आणि पुढच्या तपासणीबद्दल बोलणारं कुणीतरी बसवा.

किनारा स्वच्छतेचं लवकर सांगते. वर्सोव्याला अफरोझ शाह यांनी २०१५ पासून ज्या चिकाटीने लोकांना उतरवलं, त्यानंतर प्रत्येक क्लबाला समुद्रावर जायचं असतं. जा, पण भरती-ओहोटीची वेळ बघून जा. आणि गोळा केलेला कचरा उचलायला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची गाडी आधी ठरवा. नाहीतर भरलेल्या गोण्या किनाऱ्यावरच राहतात आणि पुढची भरती त्या रिकाम्या करते.

झाडं लावायच्या प्रस्तावावर एकच प्रश्न विचारायचा: मार्चमध्ये पाणी कोण घालणार? उत्तरात माणसाचं नाव आलं तर मंजूर.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो वनराई बंधारा. जव्हार-मोखाड्याकडे पाऊस मुंबईपेक्षाही दणदणीत पडतो आणि तरी उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात, कारण उतारावरून पाणी निघून जातं. पाऊस थांबला की, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, ओढा वाहता असतानाच तो अडवायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात. बिल्डरच्या साइटवर मागितल्या तर फुकट मिळतात. त्यात माती-रेती भरायची, तोंड शिवायचं आणि भिंतीतल्या विटांसारखी सांधमोड करत थर रचायचे. गोणी गच्च भरायची नाही. थोडी ढिली ठेवली की ती शेजारच्या गोणीच्या अंगाला बसते आणि फट राहत नाही. जागा गावकरी दाखवतील तीच, त्यांच्याशी वाद घालू नका. ग्रामपंचायतीशी आधी बोला. आणि जेवण बाहेरून पॅक करून नेण्याऐवजी गावातल्या बचत गटाला सांगा. सकाळी ओढ्यात उतरलेली मुलं दुपारी पाणी गुडघ्यापर्यंत चढलेलं बघतात. या बंधाऱ्याने भाजीपाल्याला, गुरांना आणखी काही आठवडे-महिने पाणी मिळतं. पुढच्या पावसात तो वाहून जातो आणि पुन्हा बांधावा लागतो, म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या वर्षीच्या टीमची दोन मुलं बरोबर न्या.

रोटरीचं सगळ्यात मोठं काम असंच झालंय. पोलिओप्लस ही रोटरीची पोलिओ निर्मूलनाची मोहीम १९८५ ला सुरू झाली. भारतातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला आढळला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. एवढ्या काळात वर्षावर्षाचे जवळपास तीस पदाधिकारी आले आणि गेले. त्यातल्या प्रत्येकाने ‘माझ्या वर्षाचा नवा सिग्नेचर प्रोजेक्ट’ काढला असता, तर काय झालं असतं? तुमच्या आधीच्या डीआरआरचा चांगला प्रकल्प दिसला तर नाव-लोगो न बदलता तसाच पुढे चालवा. लोक कंजूष म्हणतील. म्हणू द्या.

बालगृहात जाणाऱ्या क्लबांना एक गोष्ट लेखी कळवा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार तिथल्या मुलांची ओळख माध्यमांत उघड करायला बंदी आहे. केक कापतानाचे चेहरे दिसणारे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. ‘पाठमोरा फोटो चालेल का?’ असं विचारतात. फोटोशिवाय गेलात तर काय बिघडतं, असं उलट विचारा.

पायरी ६: व्हॉट्सॲप आणि गुण

अध्यक्षांचा एकच ग्रुप, फक्त सूचनांसाठी, बाकीच्यांना लिहायची सोय बंद. रात्री दहानंतर मेसेज नाही. ज्याने तीन मेसेजना उत्तर दिलं नाही त्याला चौथा पाठवू नका, फोन करा. बहुतेकदा घरी काहीतरी झालेलं असतं, नाहीतर केटी लागलेली असते, म्हणजे विषय राहिलेला असतो.

पुरस्कारांचे निकष जुलैत जाहीर करा आणि मध्ये बदलू नका. ‘लाभार्थींची संख्या’ या रकान्याचे गुण काढून टाकलेत तर उत्तम. लोकलच्या डब्यात एक पोस्टर चिकटवून ‘लाभार्थी दहा हजार’ लिहिणारे महाभाग आहेत, आणि त्याच पानावर एका अंध विद्यार्थ्याला वर्षभर लेखनिक देणाऱ्या क्लबासमोर ‘एक’ लिहिलेलं असतं. त्या रकान्याऐवजी ‘पुन्हा गेलात का?’ असा रकाना ठेवा.

घरच्यांना आणि ऑफिसला वर्षाचं कॅलेंडर आधीच दाखवा. आईला माहीत असलं की रविवारचे पोहे लवकर होतात.

पायरी ७: सोपवणं, मार्चपासून

जून उजाडण्याची वाट पाहू नका. पुढचा डीआरआर ठरला की त्याला शेवटच्या काही क्लब भेटींना बरोबर न्या, पण मंचावर नको, खुर्च्या लावणाऱ्यांत.

मग प्रत्येक क्लबाची पिशवी शोधा. पिशवी म्हणजे खरोखरच पिशवी: बॅनर, घंटा, हातोडा, अध्यक्षांची कॉलर, चार्टरचं सर्टिफिकेट, शिक्का, चेकबुक, जुनी रजिस्टरं. ती कुठल्यातरी माजी अध्यक्षाच्या माळ्यावर असते, आणि तो माजी अध्यक्ष आता डोंबिवलीला राहायला गेलेला असतो. तिथून आणवा, उघडा, यादी करा, फोटो काढा. कागदांपेक्षा अवघड असतात पासवर्ड. क्लबच्या जीमेलचा आणि इन्स्टाग्रामचा ओटीपी अजूनही चार वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरीच्या नंबरवर जातो, आणि तो आता टोरांटोत, आपण फोन करतो तेव्हा झोपलेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे नंबर बदलून घ्या. शक्य असेल तर क्लबच्या नावाने एक वेगळं सिमकार्डच घ्या, वर्षाला रिचार्जचा खर्च फार नाही.

हिशोब ३० जूनपर्यंत बंद करा, उरलेले पैसे किती आणि कशासाठी ठेवलेत ते लिहून सही करून द्या. तिसऱ्या रकान्यातल्या, फक्त अध्यक्ष उरलेल्या क्लबांबद्दल मात्र कागदावर लिहू नका. नव्या डीआरआरला चहाला बोलवा आणि तोंडी सांगा, कोणाचं कोणाशी पटत नाही आणि कोणाला फोन केला की काम होतं.

१ जुलैला सकाळी अध्यक्षांच्या ग्रुपवर नव्या माणसाला ॲडमिन करा आणि बाहेर पडा. ‘मार्गदर्शनासाठी राहा ना’ असा आग्रह होईल. त्याला तुमचा नंबर आहेच की.